सदतीस अंशांची खोली

१० मे

पोचले एकदाची. बॅग उघडली, आंघोळ झाली, आणि आता ही कोरी वही. स्टेशनपासून बनी पार्क अगदी हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्यातही ई-रिक्षावाल्याने मला उन्हाची भीती घातली. मॅडम, दुपारी निघू नका, डोकं बांधा, खिशात कांदा ठेवा. मी त्याला सांगितलं की मी अकोल्याची आहे. त्याला अकोला कुठे आहे तेच माहीत नव्हतं, त्यामुळे माझा सगळा रुबाब वाया गेला. आमच्याकडे शेहेचाळीस अंशांत लोक वरातीत नाचतात. इथे आज चव्वेचाळीस होतं.

एक जूनला सीतापुऱ्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय. काम पुण्यात करायचे तेच, कॅलिब्रेशन. म्हणजे लोकांची मोजायची यंत्रं खरं बोलतात की खोटं, ते पकडायचं. तोवर राहायची सोय माझ्या पुण्याच्या जुन्या साहेबांनी, सतीश सरांनी, लावून दिली. त्यांच्या ओळखीच्या ओळखीतल्या मधुमतीकाकू इथे एकट्याच असतात. त्यांचे यजमान उमाकांत केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांनी जन्मभर जुने थर्मामीटर जमवले. ते वारले, आता हा सगळा संग्रह एका कॉलेजला द्यायचाय. अडचण एवढीच की त्यांतल्या बऱ्याच थर्मामीटरवरच्या मापनपट्ट्या आज कोणी वापरत नाही. त्यावरचा कुठला आकडा म्हणजे आपले किती सेल्सिअस, ते तपासून प्रत्येकाला चिठ्ठी लावायची. बदल्यात राहणं आणि जेवण. मला हे काम कोणी पदरचे पैसे भरून करायला सांगितलं असतं तरी केलं असतं.

काकू दिवेलागणीला व्हरांड्यात भेटल्या. सत्तरीच्या असतील, लहानखुऱ्या, नीटनेटक्या. त्यांचं मराठी गमतीचं आहे, वाक्य वाईचं आणि मध्येमध्ये मतलब आणि बेटा. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा काहीच वाटलं नाही. गरम नाही, गार नाही, नुसती हवा हातात धरल्यासारखं. धंद्याची सवय म्हणून लक्षात राहिलं, एवढंच.

माझी खोली वर आहे, एसी आहे. काकू खाली राहतात. त्यांच्या खोलीच्या खिडक्या या उन्हाळ्यातही बंद, आणि दाराशी भिंतीवर एक डबा आहे, तापमान कायम ठेवणारा. त्यावर ३७. मला वाटलं वाचताना चूक झाली. पुन्हा वाचलं, सदतीसच. म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा. स्वयंपाकाला कलावती येते, तिने मला आल्याआल्या कैरीचं पन्हं दिलं. मजेत आहे मी.

११ मे

आज दिवसभर दिवाणखान्यात त्या थर्मामीटरांच्या संगतीत. काय एकेक नग जमवलेत उमाकांतकाकांनी.

फॅरनहाइटचे तर कितीतरी. एक पितळी पाठीचा रेओम्यूरचा, त्याच्यात पाणी शंभरला नाही, ऐंशीला उकळतं. म्हणजे त्याच्या आकड्याला पाचने गुणायचं, चारने भागायचं, की झालं सेल्सिअस. बाहेरचे पंचेचाळीस त्याच्या लेखी फक्त छत्तीस. त्या ई-रिक्षावाल्याला हा भेट द्यायला हवा. न्यूटनच्या पट्टीचा एक आहे, त्यात निरोगी माणसाच्या अंगाची ऊब म्हणजे बारा. आणि एक डेलिलचा, तो माझा सगळ्यात लाडका. तो उलटा चालतो. उकळतं पाणी शून्य, बर्फ दीडशे. जसजसं गार व्हाल तसतसा आकडा वाढत जातो. तापलेल्या माणसाला तो म्हणणार, तू कमी झालास.

मला थर्मामीटरचं वेड लागलं ते धाकट्या भावामुळे. प्रसन्न लहानपणी सारखा तापाने फणफणायचा. आई नर्स, तिची नेहमी रात्रपाळी, त्यामुळे ताप बघायचं काम माझ्याकडे. त्याला इतकी सवय झाली होती की माझ्या हातात थर्मामीटर दिसला की तो खेळता खेळता, न विचारता, हात वर करून बगल उघडी करायचा. आता सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, तरी मागच्या दिवाळीला मी गंमत म्हणून थर्मामीटर दाखवला तर हात आपोआप वर. घरभर हसलो होतो.

सगळ्यात शेवटचा नग विचित्र आहे. शिसवी फळीवर बसवलेली काचेची नळी, खाली पाऱ्याचा फुगा. आकडे नाहीत, नाव नाही. नळीवर अगदी खाली एकच बारीक ओरखडा आणि पारा नेमका त्याच ओरखड्यावर. संध्याकाळी व्हरांड्यात काकू म्हणाल्या हा यांनी स्वतः बनवलेला. मतलब, पुरा नाही झाला. दुसरी खूण राहिली. तेवढी तू कर बेटा, मग सगळं मार्गी लागेल.

बरोबरच आहे. कुठल्याही पट्टीला दोन स्थिर बिंदू लागतात. एक खालचा, एक वरचा, त्यांच्यामध्ये समान भाग पाडायचे. एका खुणेचा थर्मामीटर म्हणजे एका पायाची शिडी.

१३ मे

हात टेकले. बर्फात बुडवून ठेवला, पारा हलला नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेत धरला, हलला नाही. नेहमीच्या थर्मामीटरची नळी असती तर वाफेत पारा भसकन वर गेला असता. दुपारी गच्चीवर उन्हात ठेवला. फळी चटका बसेल इतकी तापली आणि पारा आपला ओरखड्यावर ढिम्म.

सतीश सरांना फोन केला. ते म्हणाले पारा अडकला असेल, नादुरुस्त अशी चिठ्ठी लाव आणि मोकळी हो. मी म्हटलं काकूंना तो पुरा करून हवाय, हे एक झालं नाही तर त्या बाकीचे देणार नाहीत म्हणतात. सरांनी मग त्यांचं जुनं पालुपद ऐकवलं. थर्मामीटर ज्याला मोजतो त्याची थोडी ऊब घेतोच, म्हणून मोजणाऱ्याने स्वतःला कधी प्रमाण धरायचं नाही. पुण्यात हे ऐकून ऐकून कान किटले होते.

पण त्यावरूनच सुचलं. जुन्या लोकांकडे प्रयोगशाळा कुठे होत्या? फॅरनहाइटची वरची खूण म्हणजे निरोगी माणसाची बगल. न्यूटनचे बारा तेच. हा बर्फाला आणि वाफेला दाद देत नसेल तर तो अंगाच्या उबेवरच बेतलेला असणार. काकांचं वय झालेलं, कोणी तरुण माणूस मिळाला नसेल, म्हणून त्यांनी तसाच सोडला असेल. निरोगी माणूस तर मी इथे बसलेच आहे.

१४ मे

जमलं. फळीवरून नळी सोडवून बगलेत धरली आणि पारा चढला. सावकाश, थांबत थांबत, नळीच्या पार वरपर्यंत, आणि तिथे स्थिरावला. आपल्या नेहमीच्या थर्मामीटरने माझं अंग बघितलं, सदतीस. मग हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने काचेवर खूण केली. खूण करताना बोटांना एकदम शहारा आला. काढून ठेवल्यावरही पारा खाली उतरला नाही. तापाच्या थर्मामीटरमध्ये असते तशी अडकण नळीत असावी.

काकूंना दाखवलं. त्या किती वेळ त्या खुणेकडे बघत राहिल्या, मग माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाही भरून आलं, उगाच. संध्याकाळी त्या पहिल्यांदाच दिवाणखान्यात कूलरसमोर येऊन बसल्या. कलावती दारातच थबकली. मला हळूच म्हणाली, दीदी, मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माताजींना कूलरपुढे बसलेलं बघितलं नाही.

जेवताना काकूंनी मला वाढलं. त्यांचा हात माझ्या हाताला लागला, छान उबदार होता.

१६ मे

फजिती झाली. नवी प्रयोगशाळा बघून यावी म्हणून दुपारच्या बसने सीतापुऱ्याला निघाले. बस कारखान्यांतल्या बायाबापड्यांनी भरलेली, सगळे घामाने निथळत होते. माझ्या लक्षात आलं की मला घाम येत नाहीये. कपाळ कोरडं, मान कोरडी. आधी बरं वाटलं. मग डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि मी एका बाईच्या मांडीवरच्या डब्यावर पडले.

कुणीतरी रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. ताप एक्केचाळीसच्या वर. उष्माघात, नर्स म्हणाली, आणि एसीखाली झोपवलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर पस्तीस. तिने थर्मामीटर झटकला, दुसरा आणला, तोही तेच म्हणाला. डॉक्टर म्हणाले आमचे थर्मामीटर बिघडलेत वाटतं. मी म्हटलं आणा, मी तपासून देते. सगळे हसले. मी पण.

अकोल्याची मुलगी जयपूरच्या उन्हाने पडली हे प्रसन्नला कळलं तर वर्षभर पुरेल. त्याला सांगणार नाही. घरी येऊन नळीकडे बघितलं. पारा माझ्या खुणेवर नाही. अर्ध्यावर उतरलाय.

१७ मे

हात नीट चालत नाही, अक्षर वेडंवाकडं येतंय.

काल एसी सव्वीसवर लावून झोपले. सकाळी जाग आली पण डोळे उघडेनात. हाक मारावीशी वाटत होती आणि जीभ उचलत नव्हती. कलावती चहा घेऊन आली, तिने माझे निळे पडलेले ओठ पाहिले आणि मला काखेत हात घालून ओढत व्हरांड्यात उन्हात आणून टाकलं. उन्हात मी हळूहळू माणसात आले. बोटं हलायला लागल्यावर पहिलं काम केलं ते थर्मामीटर मागितला. एकतीस.

मग दुपारभर मी माझं नेहमीचं काम केलं. व्हरांडा एक्केचाळीस, तिथे बसले, अंग चढत चढत चाळीसपर्यंत गेलं आणि मी पळत आत आले. दिवाणखाना तीस, अंग उतरायला लागलं. कुठेही थांबत नाही. मी ज्या हवेत बसते त्या हवेचा आकडा माझ्यात येतो. दगडाचं असं होतं, ताटाचं होतं, पाण्याने भरलेल्या बादलीचं होतं. जिवंत माणसाचं होत नाही. जिवंत माणूस बाहेर काहीही असो, आपला सदतीस सोडत नाही, आणि माझा सुटलाय.

मला भीती वाटतेय. हे एकदा सरळ लिहून टाकते.

घरात एकच जागा आहे जिथे मला बरं वाटलं. काकूंच्या खोलीचं दार उघडं होतं.

१८ मे

काकूंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. कूलरपुढे बसून, वाऱ्यावर केस उडत असताना, एखादी जुनी पाककृती सांगावी तसं सांगितलं.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना विषमज्वर झाला. इथल्या उन्हाळ्यात. ताप उतरेना, डॉक्टरांनी आशा सोडली. उमाकांतकाकांनी ही नळी बनवली, ताप मोजायची नाही, ताप काढून घ्यायची. काकूंच्या बगलेत धरून त्यांनी ताप पाऱ्यात ओढला आणि शेवटी पारा उतरून जिथे थांबला तिथे ओरखडा काढला. काकू वाचल्या. पण ताप उतरला तो उतरतच गेला, मतलब अंगात स्वतःचं काही राहिलंच नाही. मग काकांनी ती सदतीसची खोली बांधली. गरम करणारं यंत्र, गार करणारं यंत्र, बॅटऱ्या. तेव्हापासून काकू त्या खोलीत. संध्याकाळी हवा उतरताना ती मधेच कधीतरी सदतीसवरून जाते, तेवढाच वेळ व्हरांडा.

नळी परत स्वतःच्या बगलेत धरून उपयोग नाही, त्यांनी कितीदा करून पाहिलंय. दुसऱ्या कोणाची खूण लागते. दोन खुणा झाल्या की पट्टी पुरी होते आणि वरचं खालच्याकडे वाहायला लागतं. पहिली खूण दुसऱ्याने धरूनही निघते, पण दुसरीला माणूस स्वतःच्या मनाने धरणारं हवं, कोणी धरून लावलं तर चढत नाही. म्हणून त्यांनी मला कधीच सांगितलं नाही की बगलेत धर. मी तेच करणार हे त्यांना माहीत होतं. माझ्या धंद्यातलं माणूस दुसरी खूण शोधल्याशिवाय राहणार नाही, हे काका त्यांना सांगून गेले होते.

मी नळी उचलली, जमिनीवर आपटणार होते. काकूंनी हातही पुढे केला नाही. फक्त म्हणाल्या, काकांनी आधी एका मांजरीवर करून पाहिलं होतं बेटा. ती नळी फुटली. मांजर त्याच क्षणी गेलं. तुझी ऊब आता जिथे आहे तिथे आहे.

मी नळी हळूच फळीवर ठेवली. मग काकूंवर धावून गेले, त्यांचा हात उचलून नळी त्यांच्या बगलेत कोंबली. त्या शांतपणे उभ्या राहिल्या. पारा हलला नाही.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर, असा विचार आला आणि तो मी लगेच पुसून टाकला.

१९ मे

पारा खालच्या ओरखड्यावर पोचला. काकूंच्या.

काकू गेल्या. वाईला, माहेरी, भावाकडे. भर दुपारी निघाल्या. मी त्यांच्या खोलीच्या, आता माझ्या खोलीच्या, बंद काचेतून बघत होते. बाहेर पंचेचाळीस. फाटकाशी त्या थांबल्या आणि वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. त्यांनी ते बोटाने पुसले आणि बोट मला दाखवलं, एखादी लहान मुलगी पडलेला दात दाखवते तसं.

जाताना म्हणाल्या होत्या की खोली नीट वापर, बॅटरीचं पाणी बघत जा, कलावतीला सगळं सांगितलंय.

कलावतीला काय सांगितलंय देव जाणे. ती ताट दाराशी ठेवते आणि मला माताजी म्हणते.

२० मे

खोली. पलंग, कपाट, संडास, भिंतीवरचा डबा. ३७.

पाणी गार प्यायलं की पोटात बर्फाचा गोळा उतरतो आणि तो तिथेच राहतो, अंग त्याला वितळवत नाही. पाणी कोमट करून पिते. अन्न कोमट. सगळं सदतीस.

संध्याकाळी प्रयत्न केला. बाहेरची हवा बेचाळीसवरून उतरत होती, सदतीसला आली तशी निघाले. ठरवलं होतं की स्टेशनपर्यंत जायचं, पुढचं पुढे बघू. गल्ली ओलांडली. लोक कणसं खात होते, मुलं सायकली फिरवत होती. कुणाला काही करावं लागत नव्हतं ऊब धरून ठेवायला. कोपऱ्यावर धुळीचं वादळ उठलं, दोन थेंब पडले, हवा झरकन उतरली आणि माझे गुडघे वळेनात. भिंतीला धरत परत आले. फाटकातून आत रांगत.

मग रात्रभर हिशोब केला. रेल्वेचा एसी डबा चोवीस. साध्या डब्यात दुपारी शेहेचाळीस, पहाटे तीस. टॅक्सी. विमान. कशातच सदतीस नाही. अकोल्याला जाणाऱ्या गाड्या कितीतरी आहेत, माझ्या अंगाला झेपेल अशी एकही नाही.

हेच हिशोब काकूंनीही केले असतील. कितीदा?

२१ मे

सतीश सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले ईश्वरी, तू विश्रांती घे, मी तुझ्या घरी कळवतो.

नको म्हणून किती सांगितलं.

डॉक्टरला बोलावलं होतं. तो या खोलीत आला, मला तपासलं, सदतीस. एकदम नॉर्मल आहात, म्हणाला. घाम पुसत बाहेर गेला.

२२ मे

प्रसन्नचा फोन. निघालोय ताई. मी ओरडले, येऊ नकोस. तो म्हणाला तू अशी ओरडतेस म्हणूनच येतोय.

त्याचा आवाज ऐकून रडले. अश्रू गालावर आले तेव्हा गरम लागले नाहीत. काहीच लागले नाहीत.

२३ मे दुपार

वीज गेली. गल्लीतल्या सगळ्यांचीच. बॅटरीवर चाललंय. ३७

३७

बॅटरी कुणकुणतेय. पाणी बघत जा म्हणाल्या होत्या, बघितलं नाही मी —

३८. डबा ३८ म्हणतोय. खिडकीच्या काचेला हात लावला, भाजला.

३९. डोकं जड. कलावती, कलावती. ती आली, दारातून बघितलं, आत येत नाही. ओला टॉवेल फेकला. टॉवेल गार, जिथे लागतो तिथलं अंग मरतं, बाकीचं —

आई रात्रपाळीला गेलीय. प्रसन्नला ताप आहे. ईशू, बघ गं त्याला किती —

चाळीस. न्यूटन तेरा. रेओम्यूर बत्तीस. डेलिल नव्वद. डेलिल म्हणतो कमी झालीस, अजून कमी झालीस, शून्यापर्यंत —

नळी समोर आहे. पारा खाली. तिला उकाडा नाही.

२३ मे

वीज आली. ३७. मी आहे अजून.

पडल्यापडल्या एकच विचार होता आणि तो माझाच होता, तापातला नव्हता. वर खूण आहे, खाली खूण आहे. आता वरची जी होती ती, म्हणजे मी, खालची झाले. वर नव्या माणसाची खूण हवी. निरोगी माणूस हवा. तरुण. स्वतःच्या मनाने धरणारा.

नाही.

२४ मे सकाळ

नळी कपाटात टाकली. कपाटाला कुलूप. किल्ली खिडकीच्या फटीतून बाहेर फेकली. फुटली तर मी जाईन म्हणून फोडत नाही. फोडायला हवं. फोडायला हवं आणि मी —

त्याला सगळं सांगायचं. दारातूनच. आत येऊ नकोस, मला हात लावू नकोस, आणि ते काही हातात घेऊ नकोस. वाक्यं पाठ केलीत.

कलावतीने किल्ली आणून दाराशी ठेवली. माताजी, तुमची किल्ली पडली होती.

२४ मे

प्रसन्नचा मेसेज. स्टेशनवर उतरलोय. काय ऊन आहे ताई, मजा येतेय.

घाम येत असेल त्याला.

कुलूप उघडलं. फक्त बघायला की नळी नीट आहे ना. पारा ओरखड्यावर. वरचा भाग रिकामा. किती रिकामा.

परत ठेवते —

फाटक वाजलं. कलावतीशी बोलतोय. हसला. तो हसला की अजून लहानपणीसारखाच —

वाक्यं. दारातूनच. आत येऊ नकोस. हात लावू नकोस. मी हे सांगणार आहे. मी त्याची ताई आहे, त्याच्या सगळ्या तापात मी रात्ररात्र बसलेय, मी हे सांगणार आहेच.

व्हरांड्यात आला. चपला काढतोय.

नळी अजून माझ्या हातात आहे. ठेवायला हवी, दार उघडायच्या आत ठेवायला हवी. मी सांगितलं नाही तर कोणी धरून लावलं असं नाही ना होत. त्याला काही सांगावंच लागणार नाही. त्याला नुसती दिसली तरी तो न विचारता हात वर कर